रोडग्यांच्या लेखाची मूळ लेखिका

हिरवा आकडा. सगळं त्या हिरव्या आकड्यापासून सुरू झालं, आणि तुम्हाला सांगते, तेव्हाच मला पोटात कसंसं झालं होतं, पण मला रोजच पोटात कसंसं होतं, दाराची बेल वाजली तरी होतं, कुकरची शिट्टी झाली तरी होतं, त्यामुळे पोटाच्या सांगण्यावर मी आताशा भरवसा ठेवत नाही... आणि तिथंच फसले. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी लोककोश उघडला. लोककोश म्हणजे तो ऑनलाइन ज्ञानकोश हो, कोणीही यावं, कोणीही लिहावं, दुसऱ्याचं कोणीही सुधारावं, पगार नाही, मानधन नाही, नुसती हौस. तिथं प्रत्येक लेखामागं एक 'इतिहास' नावाचं पान असतं. कोणी, कोणत्या दिवशी, किती अक्षरं घातली, सगळं ओळीनं मांडलेलं. घातली तर हिरवा आकडा, काढली तर लाल. तर आमच्या रोडग्यांच्या लेखाच्या इतिहासात ओळ होती एकच. सदस्य प्रियदर्शनी, अकोला. अधिक एक्केचाळीस हजार दोनशे सतरा. आणि आकडा कसा, तर जुलैतल्या पऱ्हाटीसारखा, म्हणजे कपाशीसारखा, हिरवागार.

आता त्या एक्केचाळीस हजार दोनशे सतरा अक्षरांतलं पहिलं अक्षर मी लिहिलेलं. शेवटचा पूर्णविराम मी दिलेला. मधलं सगळं, दोन वेळा रडून, एकदा ओढणी जाळून, मी लिहिलेलं. आणि त्या पानावर माझं नाव? नाही. कुठंच नाही. घाबरट आहे मी, कबूल. पण चोर नाही हो.

तुम्ही म्हणाल, चोरीचं कुठून आलं मधेच? येतं. चोरीचं पुढं येतं. आधी ताईंचं सांगू द्या, कारण ताई कोण ते कळल्याशिवाय मला नेमकं कुठं लागलं ते तुम्हाला कळायचं नाही.

मी रागिणी. अमरावतीला साईनगरात राहते, मराठीत एमए केलंय, दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. दीड वर्षापूर्वी लोककोशावर पहिल्यांदा गेले. नाव घेतलं 'सदस्य पऱ्हाटी', खरं नाव द्यायची भीती वाटली म्हणून. तिथं तिवशाबद्दल लिहिलं होतं, 'तिवसा हे एक गाव आहे.' आता आमचा अर्धा गोतावळा तिवशाचा, मला राहवेना, मी नुसतं 'तालुक्याचे गाव' केलं. अठरा अक्षरं नसतील. बाराव्या मिनिटाला कोणीतरी ती उडवली आणि शेजारी कारण लिहिलं, 'संदर्भ?' बस, एवढंच. संदर्भ आणि प्रश्नचिन्ह. मला असं वाटलं की भर वर्गात कोणी उभं केलंय. लॅपटॉप बंद केला, वर उशी ठेवली, आणि ठरवलं की आता तिवसा गाव राहू दे नाहीतर शहर होऊ दे, आपण काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या चर्चेच्या पानावर निरोप. 'घाबरू नका. पहिल्या दिवशी मीही रडले होते.' खाली सही, प्रियदर्शनी, अकोला. अहो, मी रडले हे यांना कळलं कसं? मी तर उशी ठेवली होती!

तर ह्या ताई. अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त, लोककोशावर चौदा वर्षं. चौदा. तिथं त्यांचा शब्द म्हणजे पाटलाचा शब्द. त्यांनी मला सगळं शिकवलं. संदर्भ कसा द्यायचा, फोटो कसा चढवायचा, कोणी अंगावर आलं तर 'आपल्या मताचा आदर आहे' लिहून कसं बाजूला व्हायचं. मी लिहिलं, 'रोडगे चवीला अप्रतिम लागतात.' ताईंनी विचारलं, कोणाच्या मते? मी म्हटलं, सगळ्यांच्याच. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी ते छापलंय कुठं? इतकं भिनलं ते माझ्यात की एक दिवस आईनं, म्हणजे चंदाबाईंनी, विचारलं की भाजी कशी झाली, आणि मी म्हणून गेले, काही जणांच्या मते बरी झाली. आईनं माझ्यापुढचं ताट उचललं आणि सरळ आत नेलं. तरी मी खूश होते हो! ताईंना फोन करून सांगितलं, त्या इतक्या हसल्या, म्हणाल्या, आता तू खरी संपादक झालीस. मला वाटलं, पदवी तर विद्यापीठानं दिलीच होती, पण कामाची आहेस असं कोणी आज म्हटलं.

आणि आता रोडग्यांचं. लोककोशावर बाटीचा लेख होता, चांगला लांबलचक, आणि तळाशी एक ओळ, 'विदर्भात या पदार्थास रोडगे म्हणतात.' मला सांगा, वऱ्हाडच्या माणसानं हे वाचून गप्प बसायचं? कणकेच्या जाड पोळ्या एकीवर एक ठेवून, त्यांचा गोळा बांधून, गवऱ्यांच्या निखाऱ्यात तासभर भाजायचा, राख झटकायची, फोडला की पदर सुटले पाहिजेत, वरून तूप आणि बाजूला वांग्याची भाजी... आणि हे म्हणतात बाटी! मी ठरवलं, रोडग्यांचा स्वतंत्र लेख पाहिजे. ताई म्हणाल्या, लिही, मी आहे पाठीशी.

आठ महिने लागले. कौंडण्यपूरच्या यात्रेत कोणाच्या तरी नवसाचे रोडगे होते, तीनशे माणसाचे, तिथं मला जानरावकाका भेटले. मोझरीच्या पुढचं गाव त्यांचं, पासष्टीचे असतील, आसपासच्या गावांत नवसाचं जेवण असलं की निखाऱ्यापाशी तेच. मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसले, तर मला म्हणतात, "कावून वं पोरी, तू लिवून काय राहिली? खाऊन पाह्य ना." सात वेळा गेले मी त्यांच्याकडं. एसटीनं तिवसा, तिथून ऑटोनं पुढं. निखाऱ्याजवळ वाकून फोटो काढताना ओढणी पेटली, मी इतकी दचकले की ओढणी विझवायची सोडून फोन धरून पळाले, शेवटी काकूंनी मागून तांब्याभर पाणी ओतलं. काकांनी मला शिकवलं की रोडगा झाला का नाही ते डोळ्यानं नाही, कानानं ओळखायचं, बोटानं टक् करून. मी म्हटलं, लेखात तुमचं नाव घालता येईल का ते विचारते. ताई म्हणाल्या, तोंडी माहिती संदर्भ म्हणून चालत नाही, छापील पाहिजे. मग मी काकांच्या हातांचा फोटो घातला आणि खाली लिहिलं, 'रोडगे भाजणारे एक कारागीर.' काकांना दाखवला तर म्हणाले, "नाव नाई तं नाई. हात तं माहेच हायेत ना."

तर हा सगळा मजकूर मी लिहीत होते धूळपाटीवर. धूळपाटी म्हणजे लोककोशात प्रत्येकाला दिलेलं एक कच्चं पान. तिथं गिरवायचं, पुसायचं, पक्कं झालं की मग खऱ्या कोशात न्यायचं. न्यायला एक बटण असतं. आणि तुम्हाला सांगते, तेवढं बटण माझ्यानं दाबवेना. बोट न्यायची, परत आणायची. वाटायचं, दाबलं आणि पुन्हा कोणी म्हटलं, संदर्भ? तीन आठवडे मी त्या बटणापुढं बसून काढले. शेवटी ताई फोनवर म्हणाल्या, "दे गं इकडे, मी टाकते. तुझ्या भरवशावर राहिलं तर हा लेख तुझ्या नातवंडांना वाचायला मिळेल." आणि मी हसले! मनापासून हसले, आभार मानले, दोनदा मानले. अशी मी.

आता ऐका, यात एक मेख आहे. धूळपाटीवरचं पान खऱ्या कोशात न्यायची नीट रीत म्हणजे स्थानांतर. अख्खं पान उचलून तिकडं ठेवायचं, त्याबरोबर त्याचा सगळा इतिहास जातो, कोणी कधी काय लिहिलं, सगळं. ताईंनी काय केलं? मजकूर उचलला, नवीन पान उघडलं आणि त्यात चिकटवला. झालं. वावर माझं, पेरणी माझी, डवरणी-निंदण माझं, आणि सातबारा निघाला ताईंच्या नावावर. तो हिरवा आकडा तो हाच.

सोमवारी मी मनाची समजूत घातली. गडबडीत झालं असेल. आणि ताईंचंच वाक्य होतं ना, लोककोशात माझं-तुझं नसतं! मी लिहिलेलं उद्या कोणीही बदलणार, मग नावाचा हट्ट कशाला? मंगळवारी सकाळी लेख 'या महिन्याचा निवडक लेख' म्हणून मुखपृष्ठावर. जानरावकाकांचे हात मुखपृष्ठावर हो! मी आईला हाक मारली, शेजारच्यांना दाखवलं, आणि मग ताईंच्या चर्चापानावर गेले. तिथं अभिनंदनाची रीघ. 'अप्रतिम संशोधन.' 'किती बारकावे टिपलेत.' एकानं लिहिलेलं, 'कानाने ओळखण्याचा तपशील तर केवळ प्रत्यक्ष अनुभवातूनच येऊ शकतो.' आणि त्याखाली ताईंचं उत्तर. 'आभारी आहे. बरीच मेहनत घ्यावी लागली.'

मी ते चार वेळा वाचलं. खोटं तर नव्हतं. मेहनत घ्यावीच लागली होती... फक्त वाक्याला कर्ता नव्हता.

तरी मी काही बोलले नाही. कशी बोलणार? 'ताई, मेहनत कोणी घेतली?' असं विचारायचं? मी काय लिहिलं सांगू? मीसुद्धा त्याच रांगेत लिहिलं, 'अभिनंदन ताई.' खाली फूल लावलं. घाबरट आहे मी, कबूल. पण चोर नाही हो.

आणि बुधवारी तोच शब्द माझ्या पानावर आला. लोककोशात सांगकामे असतात, म्हणजे संगणकाचे आपोआप चालणारे नोकर, फिरत राहतात, नकला शोधत राहतात. त्यांतल्या एका सांगकाम्याला माझी धूळपाटी सापडली. त्यानं ती रोडग्यांच्या लेखाशी ताडून पाहिली, सारखेपणा निघाला नव्व्याण्णव टक्के, आणि त्या शहाण्यानं मोठा लाल चौकोन लावला. 'सदर सदस्याने "रोडगे" या लेखातील मजकूर स्वतःच्या पानावर चोरून ठेवल्याचे आढळले आहे.' चोरून. कोणाचा? सदस्य प्रियदर्शनी यांचा. म्हणजे मी माझाच मजकूर, आठ महिने आधीच, ताईंनी पुढं लिहायच्या लेखातून चोरला होता. असा चोर तुम्ही पाहिला का कुठं?

आता इथं कोणी धीराची बाई असती तर तिनं काय केलं असतं? सरळ म्हटलं असतं, बाबांनो, माझ्या धूळपाटीचा इतिहास उघडा, चारशे बारा नोंदी आहेत, तारखा पाहा. संपला विषय. पण मी दचकले ना! लाल चौकोन, त्यात चोरी, त्यात माझं नाव. डोक्यात एकच आलं, ते पानच नको, पानच नाही तर चौकोन कुठं लावतील? आणि मी माझ्याच धूळपाटीवर माझ्याच हातानं 'पान वगळा' असा साचा, म्हणजे तिथला तयार शिक्का, लावला. लोककोशात तिवशाचं तालुक्याचं गाव व्हायला पाच महिने लागले, पण हे पान चौथ्या मिनिटाला वगळलं. चार मिनिटं! चारशे बारा नोंदी गेल्या. आणि माझ्याकडं पुरावा उरला काय, तर एक जळकी ओढणी.

संध्याकाळी प्रचालकांचा निरोप. प्रचालक म्हणजे कोशाचे व्यवस्था पाहणारे, तेही हौशीच, पण बटणं त्यांच्या हातात. हे पुण्याचे, नाव घेतलंय 'सदस्य अचूक'. फार सभ्य माणूस, इतका की वाचताना घाम फुटतो. 'आपण नक्कल केल्याचे व त्यानंतर पुरावा नष्ट केल्याचे दिसते. रविवार सायंकाळी सहापर्यंत चावडीवर खुलासा करावा, अन्यथा आपणांस तडीपार करण्यात येईल. आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद.' तडीपार म्हणजे त्या कोशातून बंदी हो, तिकडचा शब्द आहे तो. पण मी घाबरून घरात बोलले. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, कोणत्या ठाण्यातून? आई म्हणाली, "जिल्ह्यातून काढून राहिले का तुले? मंग अकोल्याले मावशीकडं राह्य ना चार दिवस." मी म्हटलं, आई, भानगड अकोल्याचीच आहे.

मी प्रचालकांना कळवळून लिहिलं की वगळलेलं पान परत आणा, त्यात सगळ्या तारखा आहेत. त्यांचं उत्तर लगेच आलं. पान परत आणता येतं, मात्र त्यासाठी मूळ लेखकाची संमती लागते, आणि मूळ लेखक, नोंदीप्रमाणे, सदस्य प्रियदर्शनी.

म्हणजे बघा आता. माझं नाव साफ व्हायचं तर ताईंनी एक ओळ लिहायची होती. 'लेख पऱ्हाटीनं लिहिला, मी फक्त चिकटवला.' एक ओळ. पंधरा अक्षरांची म्हणा, विसाची म्हणा. हिरवा आकडा किती, अधिक वीस. नाहीतर रविवारी सहा वाजता माझ्या नावापुढं कायमचं लिहिलं जाणार, नक्कलचोर म्हणून तडीपार. मी शिकवते हो मुलींना! पेपरात बघून लिहू नका म्हणते!

गुरुवारी चावडीवर गेले. चावडी म्हणजे कोशातली सगळ्यांनी बोलायची जागा. मी खुलासा लिहिला, नऊ परिच्छेद. कौंडण्यपूर, तिवशाचा ऑटो, ओढणी, सगळं. लिहिलं की माहिती देणारे जानरावकाका हयात आहेत, त्यांना विचारा. दुसऱ्या मिनिटाला घंटी वाजली, कोणीतरी माझ्या खुलाशाला हात लावला होता. मला इतका आनंद झाला, म्हटलं आला कोणी धावून! उघडून पाहते तर एका सदस्यानं माझ्या सहा वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. शेजारी लिहिलेलं, 'शुद्धलेखन. मूळ वादाबद्दल मत नाही.' मग अमेरिकेतले एक काका आले, त्यांनी लिहिलं, चोरी कोणी केली हा प्रश्न गौण आहे, मुळात रोडगे हा बाटीचाच प्रकार, दोन्ही लेख एक करून टाका. त्यावर तिघांनी पाठिंबा दिला, दोघांनी विरोध केला, आणि बघता बघता माझा खटला बाजूला राहून बाटीचं मूळ राजस्थानातलं का माळव्यातलं यावर एकवीस निरोप झाले. सदस्य अचूक मधे एकदाच बोलले. माझ्यासाठीच. 'जानराव यांची तोंडी साक्ष छापील नसल्याने ग्राह्य धरता येत नाही.'

आणि मग, शुक्रवारी दुपारी, ताई आल्या. मी पानावर त्यांचं नाव पाहिलं आणि खरं सांगते, डोळेच भरले. म्हटलं, आता झालं, आता पाटील बोलले. मी डोळे पुसले आणि वाचलं. 'मला या प्रकरणी निश्चित सांगता येणार नाही. धोरणानुसार निर्णय व्हावा. नवीन सदस्यांशी सर्वांनी सौजन्याने वागावे ही विनंती.'

नवीन सदस्य. मी. आठ महिने रोज सकाळी जिला 'सुप्रभात ताई' लिहिलं तिच्यासाठी मी नवीन सदस्य! चोर म्हणणाऱ्या सांगकाम्याचा मला राग नाही आला हो, त्याला काय कळतं, यंत्र ते. पण सौजन्यानं वागा म्हणे... सौजन्य परक्याशी करतात.

तरी मी म्हटलं, नसेल माहीत त्यांना. चिकटवल्यानं इतिहास जातो हे नसेल माहीत, चौदा वर्षांत नसेल आली वेळ. ही माझी शेवटची आशा. मग मी मदतीच्या पानांत शोधायला गेले की बाबा, चुकून चिकटवलेलं सुधारायचं कसं, आणि सापडलं एक पान. 'लेखाचे स्थानांतर कसे करावे.' पहिली ओळ, 'मजकूर कधीही नुसता चिकटवू नये, त्यामुळे मूळ लेखकाचे श्रेय नष्ट होते.' फार छान समजावलेलं, उदाहरणासकट. सवयीनं त्या पानाचा इतिहास उघडला. लिहिलेलं कोणी? तुम्हीच सांगा कोणी. अधिक सहा हजार चारशे. हिरवा.

मी अफसानाकडं गेले. अफसाना माझी कॉलेजची मैत्रीण, तिच्या वडिलांचं, नबीचाचांचं, कापडाचं दुकान आहे, दुपारी गल्ल्यावर तीच असते. ती कोणाला घाबरत नाही, गिऱ्हाईकालासुद्धा नाही. मी तिला सगळं सांगितलं, चावडी, सांगकाम्या, वेलांट्या, मधेच एका बाईला अस्तराचं कापड मोजून देत तिनं ऐकलं. आणि म्हणते, "तिचा फोन नंबर हाय ना तुह्यापाशी? मंग लाव ना यार. चावडीवर काय लिहून राहिली तू?" मी म्हटलं, रागावतील त्या. अफसानानं कापड टरकन फाडलं, मी दचकले, ती म्हणाली, "रागावाचं तुनं हाय."

हे मला सुचलंच नव्हतं हो. खरंच नव्हतं सुचलं. दीड वर्षांत मी त्या बाईंना आपणहून फोन केला असेल तो भाजीच्या विनोदासाठी एकदा, बाकी त्याच करायच्या. तर शुक्रवारी संध्याकाळी मी पहिला फोन लावला. ताईंच्या फोनला रिंगऐवजी बासरी आहे, ती वाजली, वाजत राहिली, बंद झाली. दुसरा. तिसरा. प्रत्येक फोनच्या आधी पाणी प्यायची, प्रत्येक फोननंतर हुश्श करायची. उचलला नाही म्हणून रडू यायचं आणि उचलला नाही म्हणून बरंही वाटायचं, हे कसं समजावू तुम्हाला?

शनिवारी सकाळी सातवा फोन झाला आणि माझाच फोन वाजला. ताई नाहीत, जानरावकाका. त्यांच्या गावच्या ग्रामसेवकानं त्यांना मोबाइलवर एक निमंत्रण वाचून दाखवलं होतं. अकोल्यात रविवारी सकाळी अकरा वाजता कार्यक्रम, एका वाचक मंडळाचा, आणि 'वऱ्हाडी खाद्यसंस्कृतीला जगाच्या नकाशावर नेणाऱ्या, रोडगे या लेखाच्या लेखिका प्रियदर्शनीताई यांचा हृद्य सत्कार'. वर काकांच्या हातांचा फोटो. काका शांतपणे म्हणाले, "पोरी, माह्य नाव नाई त्यात, ते मले पह्यलेच मालूम होतं. पन तुयंबी नाई. मंग सात डाव माह्या चुलीपाशी कोन बसत होतं?"

मी म्हटलं, काका, गडबडीत राहिलं असेल. ते म्हणाले, "त्या बाईले बोलाव एक डाव. रोडगा कवा झाला थे सांगू दे म्हना कानानं." आणि फोन ठेवला.

तुम्हाला सांगते, चावडीवरच्या एकवीस निरोपांनी जे झालं नाही ते त्या एका वाक्यानं झालं. मला राग आला. खरा. असा राग मला दहावीत एकदा आला होता, तो मी उशीवर काढला होता, पण हा निराळा होता, हा पायात होता, मी बसूच शकेना. मी कागद घेतला आणि मुद्दे काढले. एक, ताई, तुम्ही लेख चिकटवला, नेला नाही. दोन, मदतीचं पान तुम्हीच लिहिलंय. तीन, माझ्यावर चोरीचा आळ आहे आणि तो तुमच्या एका ओळीनं पुसला जातो, ती ओळ तुम्ही आज, आत्ता, फोन ठेवायच्या आत लिहायची. चार, उद्या स्टेजवर माझं नाव घ्यायचं. आधी 'घ्यावं' लिहिलं होतं, मग खोडून 'घ्यायचं' केलं. पाच, 'नवीन सदस्य' म्हणाल्याबद्दल मला फार वाईट वाटलं. पाचवा मुद्दा वाचताना आवाज फाटत होता म्हणून तो शेवटी ठेवला. आरशासमोर चार वेळा म्हटलं. आई दारातून पाहून गेली, बाबांना काहीतरी बोलली, बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला, का तर पोरीचं काहीतरी चाललंय.

घाबरट आहे मी, कबूल, पण चोर नाही, असं आरशाला म्हटलं, आणि आठवा लावला. नववा. दहावा. जेवले नाही. अफसानाचा निरोप, उचलला का? नाही. अकरावा. बारावा. तेरावा लावला आणि तेराच्या आकड्याची भीती वाटून मीच कापला, लगेच चौदावा लावला. दुपारचे चार वाजायला आलेले, बासरी सुरू झाली, मी कागद डोळ्यांसमोर धरला, पहिला मुद्दा, ताई, तुम्ही लेख चिकटवला... बासरी मधेच थांबली.

फोन उचलला.

"अगं रागिणी! किती वेळा लावायचा गं, मी त्या साडीच्या दुकानात होते. बरं झालं तूच केलास. ते चावडीचं वगैरे मनावर घेऊ नको, तिथं असं चालायचंच. मला सांग, उद्या मला त्या लेखावर बोलायचंय, आणि खरं सांगू का, कोणी विचारलं ना की हे भाजतात कसं, तर मला दोन वाक्यंसुद्धा येत नाहीत. तुझ्या हातानं भाषण लिहून देतेस का? तुझ्याइतकं हे कोणालाच माहीत नाही गं."

तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. बघा... पाच दिवस मी ज्या एका वाक्यासाठी तडफडत होते ते वाक्य त्यांनी उच्चारलं, स्वच्छ, मोठ्यानं, कसलीही आडकाठी न ठेवता. ऐकायला मी एकटी.

मी तोंड उघडलं. कागद हातात होता, पाचही मुद्दे होते, राग पायात तसाच होता. आणि माझ्या तोंडून, अगदी माझ्याच आवाजात, शब्द आले,

"किती मिनिटांचं पाहिजे, ताई?"